आधी मोजणी, मग मोर्चा : सर्बिया, २०००

५ ऑक्टोबर २००० ची बेलग्रेडमधली दृश्ये बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेली असतात. संसदेच्या खिडक्यांतून निघणारा धूर, पायऱ्या चढून आत घुसणारा जमाव, सरकारी टीव्हीच्या इमारतीवर चाल करून गेलेला लोडर. ही दृश्ये पाहून वाटते, लाखो लोक रस्त्यावर आले आणि राष्ट्राध्यक्ष स्लोबोदान मिलोशेविच गेला. पण त्याच शहरात चार वर्षांपूर्वीही लाखभर लोक उतरले होते, तेही जवळपास तीन महिने रोज, आणि मिलोशेविच खुर्चीवर बसूनच होता. मग २००० मध्ये निराळे काय घडले? आमच्या मते उत्तर रस्त्यावर नाही, रस्त्याच्या आधी आहे. त्या दिवशी दुपारी जमाव संसदेपुढे उभा राहिला तेव्हा निवडणूक कोणी जिंकली याचे सह्यांसकट कागद विरोधकांच्या हातात होते, वीजकेंद्रांकडे जाणारा कोळसा आटला होता, आणि गोळी झाडायचा हुकूम ज्यांना मिळणार होता त्यांच्यापैकी काहींशी आदल्या रात्रीपर्यंत बोलणी झाली होती. मोर्चा हा शेवटचा घाव. आधीचे घाव कसे घातले गेले, कुठले फसले आणि त्यांची किंमत पुढे कोणी मोजली, ते या प्रकरणात पाहायचे आहे.

१९९६ ची अर्धी जीत

मिलोशेविचची राजवट सगळी दारे बंद करून बसलेली हुकूमशाही नव्हती. निवडणुका होत, विरोधी पक्ष होते, बी-९२ सारखा स्वतंत्र रेडिओ होता. मात्र पोलीस, गुप्तचर खाते, सरकारी टीव्ही, मोठे कारखाने आणि मतमोजणीचे शेवटचे टेबल सरकारच्या मुठीत. विरोधकांना लढू द्यायचे, जिंकू द्यायचे नाही, असा एकूण खाक्या.

१७ नोव्हेंबर १९९६ च्या स्थानिक निवडणुकांत 'झायेद्नो' नावाच्या विरोधी आघाडीने बेलग्रेड, नीश आणि इतर बरीच शहरे जिंकली. सरकारने निकाल रद्द केले. लोक रस्त्यावर आले. संध्याकाळी साडेसातला सरकारी टीव्हीच्या बातम्या लागल्या की माणसे खिडकीत येऊन पातेली बडवत, शिट्ट्या फुंकत, म्हणजे बातम्या कानावरच पडू नयेत. विरोधकांच्या बूथवरच्या लोकांनी जपलेले निकालाचे तक्ते युरोपीय शिष्टमंडळापुढे ठेवले गेले आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये मिलोशेविचला खास कायदा करून ती शहरे सोडावी लागली.

पुढचे मराठी माणसाला सांगायलाच नको. काही महिन्यांतच आघाडी फुटली. बेलग्रेडचे महापौर झालेले झोरान जिंजिच यांना सप्टेंबर १९९७ मध्ये पदावरून काढले गेले, आणि काढणारा पक्ष त्यांच्याच जुन्या साथीदाराचा, वूक द्राश्कोविच यांचा. सोबतीला मिलोशेविचचे सोशालिस्ट. तीन महिने थंडीत पायपीट केलेल्या लोकांना विरोधी पुढाऱ्यांचा जो वीट आला, तो पुढची तीन वर्षे गेला नाही.

तरी त्या फेरीतून दोन गोष्टी मागे राहिल्या. तक्त्याची प्रत हातात असेल तर चोरी सिद्ध करता येते, हा अनुभव. आणि राजधानीबाहेरच्या नगरपालिका. चाचाकचे वेलिमिर इलिच यांच्यासारखे महापौर नंतरही टिकून राहिले. नगरपालिका म्हणजे डंपर, डिझेल, गावातली टीव्ही वाहिनी आणि स्थानिक पोलीस ठाण्याशी रोजची ओळख. २००० च्या ऑक्टोबरात बेलग्रेडकडे निघालेले ताफे याच नगरपालिकांच्या जोरावर निघाले. या प्रकरणावर बोलणारे पुष्कळ जण हा दुवा विसरतात.

तारीख नसलेले मोर्चे

२४ मार्च १९९९ पासून ७८ दिवस नाटोने युगोस्लाव्हियावर (तेव्हा सर्बिया आणि माँटेनेग्रो मिळून हा देश होता) बॉम्बफेक केली. सर्बियाचा दक्षिणेकडचा कोसोव्हो प्रांत हातचा गेला, पूल पडले, कारखाने बसले. लोक संतापलेले होते, म्हणून विरोधकांनी २१ सप्टेंबर १९९९ पासून रोज मोर्चे सुरू केले. मागणी एकच: मिलोशेविचने राजीनामा द्यावा. पहिल्या आठवड्यात गर्दी जमली, सप्टेंबरअखेरीस बेलग्रेडमध्ये पोलिसांनी लाठ्या चालवल्या, आणि हिवाळा येईपर्यंत मोर्चे ओसरत ओसरत बंद पडले.

हे का फसले, ते नीट पाहण्यासारखे आहे. राजीनाम्याच्या मागणीला तारीख नव्हती. आज नाही दिला तर उद्या काय, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. सरकारला फक्त वाट पाहायची होती. घरी परतणाऱ्या प्रत्येक माणसामागे सरकार जिंकत होते. मे २००० मध्ये पुन्हा तेच झाले. १७ मे रोजी सरकारने बेलग्रेड शहराची 'स्टुडिओ बी' वाहिनी ताब्यात घेतली, लोक जमले, मार खाल्ला, आणि थोड्याच दिवसांत चौक रिकामे झाले. ज्या दिवशी सरकारला 'हो' किंवा 'नाही' म्हणावेच लागेल असा दिवस आंदोलनाला हवा असतो. तो दिवस शेवटी मिलोशेविचनेच दिला.

मूठ, पिंप आणि पोलीस ठाणे

'ओतपोर', म्हणजे प्रतिकार, ही संघटना ऑक्टोबर १९९८ मध्ये बेलग्रेडच्या मूठभर विद्यार्थ्यांनी काढली. त्याच वर्षी मे महिन्यात विद्यापीठाचे अधिष्ठाते नेमण्याचे अधिकार सरकारने घेतले होते आणि ऑक्टोबरात नवा माहिती कायदा आणून वृत्तपत्रांवर कंबरडे मोडणारे दंड लावायला सुरुवात केली होती. (त्या वेळचे माहिती मंत्री अलेक्सांदर वुचिच. पुढे तेच सर्बियाचे पंतप्रधान आणि मग राष्ट्राध्यक्ष झाले.)

संघटनेचा पहिला निर्णय असा की अध्यक्ष नेमायचा नाही. आतले नियोजन करणारी दहा-पंधरा डोकी होती, पण पत्रकारांपुढे येणारे चेहरे सतत बदलत. १९९६ चा धडा सरळ होता: पुढारी विकत घेता येतो, आत टाकता येतो, किंवा तो दुसऱ्या पुढाऱ्याशी भांडतो. दुसरा निर्णय चिन्हाचा. नेनाद पेत्रोविच यांनी काढलेली मूठ एकाच रंगात छापता येई. पुठ्ठ्याचा साचा भिंतीवर धरून फवारा मारला की काम झाले. पोटाला चिमटा घेऊन चालणाऱ्या संघटनेला चार रंगांचे बोधचिन्ह परवडत नाही.

त्यांच्या रस्त्यावरच्या कार्यक्रमांत पिंपाचा किस्सा सर्वांत गाजला. बेलग्रेडच्या गर्दीच्या रस्त्यावर एक लोखंडी पिंप ठेवले, त्यावर मिलोशेविचचा चेहरा, शेजारी दांडा. नाणे टाका आणि एक ठेवून द्या. ठेवणारे कार्यकर्ते बाजूला झाले. येणारे-जाणारे रांग लावून दणके घालू लागले. पोलीस आले तेव्हा पकडायला कोणी नव्हते. रांगेतल्या आजींना पकडणार की पोरांना? शेवटी त्यांनी पिंपच गाडीत घातले, आणि पिंपाला अटक झाल्याचा फोटो छापून आला. इथली मांडणी लक्षात घ्या. पोलिसांनी दुर्लक्ष केले तर टवाळी चालू राहते. कारवाई केली तर पोलीस हास्यास्पद ठरतात. दोन्हीकडून नुकसान त्यांचेच. शिवाय खर्च किरकोळ, माणसे पाच-सहा आणि तासाभरात सगळे आपापल्या घरी. मात्र छायाचित्रकाराला आधी कळवलेले नसेल तर अशा कार्यक्रमाचा अर्धा उपयोग वाया जातो.

विनोदाने भीती कमी होते. पण कोठडीची भीती विनोदाने जात नाही. तिच्यासाठी शिस्त लागते. १३ मे २००० रोजी नोवी सादमध्ये सोशालिस्ट पक्षाचे नेते बोश्को पेरोशेविच यांचा खून झाला आणि सरकारने त्याचे खापर ओतपोरवर फोडून तिला दहशतवादी ठरवले. त्या उन्हाळ्यात शेकड्यांनी तरुण उचलले गेले. ओतपोरने अटकेची तयारी परीक्षेच्या तयारीसारखी करून घेतली. ठाण्यात काय होते ते आधीच सांगायचे: फोटो, बोटांचे ठसे, मग ठरलेले प्रश्न. नेता कोण, पैसा कुठून, आणखी कोण कोण. उत्तरेही ठरलेली: नेता नाही, मी सदस्य आहे, बाकी माहीत नाही. पोरगा उचलला गेल्याचे कळताच फोनची साखळी चालू होई. वकील, स्वतंत्र रेडिओ, पालक, स्थानिक विरोधी पक्ष. आणि दुसरी तुकडी थेट ठाण्यासमोर, शांतपणे, गाणी म्हणत. आतल्याला बाहेरचा आवाज ऐकू जातो, आणि ठाणेदारालाही.

याचा खरा परिणाम बेलग्रेडमध्ये नाही, लहान गावांत झाला. तिथे ठाणेदार, शाळामास्तर, सोशालिस्ट पक्षाचा शाखाप्रमुख हे सगळे एकमेकांना ओळखतात. सतरा वर्षांच्या पोराला टी-शर्ट घातला म्हणून चार तास बसवून ठेवले की त्याचा बाप, काका, शेजारी सगळे विचारू लागतात. दहशतवादी म्हणून ज्याचे वर्णन टीव्ही करते तो आपल्या गल्लीतला पोरगा निघतो. सरकारच्या प्रचाराची पत जितकी या अटकांनी गेली तितकी कुठल्याही पत्रकाने गेली नसती. शंभरावर गावांत शाखा झाल्या.

पैशाची बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकी सरकार आणि तिथल्या संस्थांनी विरोधकांना, स्वतंत्र माध्यमांना आणि ओतपोरला कोट्यवधी डॉलर दिले. २००० च्या वसंतात बुडापेस्टच्या हिल्टन हॉटेलात रॉबर्ट हेल्वी या निवृत्त अमेरिकी कर्नलने ओतपोरच्या वीसेक कार्यकर्त्यांना अहिंसक लढ्याचे प्रशिक्षण दिले. 'गोतोव ये', म्हणजे 'खेळ खलास', असे लिहिलेली लाखो स्टिकरे त्याच पैशातून छापली गेली. म्हणून हे सगळे बाहेरून घडवून आणलेले होते का? आमचे मत: स्टिकर विकत घेता येतात, खाणकामगाराचा संप नाही. पण या पैशाने सरकारला एक आयते हत्यार दिले आणि ते बोथट करण्यासाठी उमेदवार फार जपून निवडावा लागला.

छोट्या पक्षाचा उमेदवार

६ जुलै २००० रोजी मिलोशेविचने राज्यघटना बदलून राष्ट्राध्यक्षाची निवड थेट मतदानाने ठरवली आणि त्याच महिनाअखेरीस २४ सप्टेंबरची तारीख जाहीर केली. त्याची मुदत आणखी वर्षभर शिल्लक होती. विरोधक फुटलेले आहेत, बॉम्बफेकीनंतरची पुनर्बांधणी दाखवता येईल, असा त्याचा हिशेब. १९७७ ची निवडणूक आठवणाऱ्यांना हा हिशेब ओळखीचा वाटेल.

१८ पक्षांनी 'दोस' ही आघाडी केली. विलीनीकरण नाही, एक झेंडा नाही. फक्त एक उमेदवार आणि एक यादी. द्राश्कोविच बाहेरच राहिले, आणि त्यांच्या उमेदवाराला नगण्य मते पडली. उमेदवार कोण, हे जनमत चाचण्यांनी ठरले. सर्वांत ओळखीचे आणि कामाचे पुढारी जिंजिच; पण बॉम्बफेकीच्या काळात ते सर्बिया सोडून माँटेनेग्रोत गेले होते, आणि त्यांच्याबद्दल नाराज लोकही खूप. व्होयिस्लाव कोश्तुनित्सा हे कायद्याचे अभ्यासक. त्यांचा पक्ष एका व्हॅनमध्ये मावेल अशी थट्टा होई. पण ते कधी मिलोशेविचच्या वाऱ्याला उभे राहिले नव्हते, पैसा खाल्ल्याचा आरोप नव्हता, राष्ट्रवादी होते, नाटोवर आणि अमेरिकेच्या ढवळाढवळीवर उघड टीका करत. परदेशी हस्तक असा शिक्का त्यांच्यावर बसेना.

जिंजिच यांनी स्वतः मागे राहून प्रचाराची आणि संघटनेची धुरा घेतली. या प्रकरणातला सर्वांत दुर्मीळ क्षण बहुधा हाच असावा. ओतपोरने आपला प्रचार दोन भागांत केला: एक 'खेळ खलास', दुसरा नुसता 'वेळ झाली', मतदानाला चला. दुसऱ्यात कोणाला मत द्या हे सांगितलेले नसे, कारण तरुण मतदार केंद्रावर आला की मत कुठे पडणार हे सर्वांना ठाऊक होते. मतदान सुमारे ७० टक्के झाले.

तक्त्याची प्रत

निवडणूक कुठे चोरली जाते? मतपेटीजवळ थोडीफार. खरी चोरी बेरीज करताना. देशभर दहा हजारांच्या आसपास मतदान केंद्रे होती. प्रत्येक केंद्रावर मोजणी झाली की निकालाचा तक्ता भरून मंडळाचे सदस्य सह्या करतात, आणि ते आकडे वर चढत चढत बेलग्रेडच्या केंद्रीय आयोगापर्यंत जातात. वर जाताना आकडा बदलला तर खालच्या केंद्रावर बसलेल्या माणसाला पत्ता लागत नाही. म्हणून 'दोस'ने महिनाभर जी माणसे तयार केली त्यांना काम एकच: शेवटपर्यंत बसायचे, सही करण्याआधी आकडे पडताळायचे, आणि प्रत घेतल्याशिवाय उठायचे नाही. प्रत मिळाली की आकडे फोनवर तालुक्याच्या कार्यालयाला, तिथून फॅक्सने बेलग्रेडला. मूळ कागद माणसाकरवी मागून. 'सेसिद' या स्वतंत्र निरीक्षक संस्थेच्या लोकांना केंद्रात प्रवेश नाकारला गेला, तर त्यांनी बाहेर थांबून काम केले.

इथे वेग फार महत्त्वाचा. आयोगाच्या आधी आपला आकडा लोकांपर्यंत गेला पाहिजे. एकदा सरकारी आकडा कानावर पडला की नंतरचा खरा आकडा तक्रार वाटू लागतो. 'दोस'ने मतदानाच्या रात्रीच आपला उमेदवार पहिल्याच फेरीत जिंकल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी सरकारातल्याच रॅडिकल पक्षाचे प्रमुख व्होयिस्लाव शेशेल्य यांनीही कोश्तुनित्सा जिंकल्याचे सांगितले, कारण त्यांचेही लोक केंद्रांवर बसले होते आणि त्यांच्याकडेही तेच आकडे होते. सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्चने कोश्तुनित्सा यांना निर्वाचित अध्यक्ष मानले.

आयोगाने मात्र कोश्तुनित्सा यांना सुमारे ४९ टक्के आणि मिलोशेविचला सुमारे ३९ टक्के मते दाखवली. पन्नाशी गाठली नाही, म्हणून ८ ऑक्टोबरला दुसरी फेरी. हा डाव नीट समजून घेण्यासारखा आहे. आयोगाने मिलोशेविचला विजयी दाखवलेच नाही. ते कोणाच्या गळी उतरले नसते. फक्त दोन टक्के इकडचे तिकडे केले. कोसोव्होची मते दक्षिणेतल्या व्रान्ये आणि प्रोकुपल्ये इथे मोजली जात. घोळाची मुख्य जागा तीच. दुसऱ्या फेरीत दहा टक्क्यांची आघाडी घेऊन उतरायला काय हरकत, असे परदेशातले बरेच शहाणे सुचवत होते. कोश्तुनित्सा यांनी नकार दिला. दुसरी फेरी मान्य करणे म्हणजे पहिल्या फेरीचे खोटे आकडे मान्य करणे, आणि बिघडलेली यंत्रणा दुरुस्त करायला मिलोशेविचला दोन आठवडे देणे. हातात तक्ते नसते तर हा नकार नुसता हट्ट ठरला असता.

कोलुबारा

आता मागणीला तारीखही होती आणि पुरावाही. राहिला दबाव. चौकातली सभा हा दबाव होत नाही, हे दोनदा कळले होते. २९ सप्टेंबरला कोलुबारा खोऱ्यातले कोळसा कामगार संपावर गेले. लाझारेवात्सजवळच्या, बेलग्रेडपासून साठेक किलोमीटरवरच्या या उघड्या खाणींतून निघणारा लिग्नाइट ओब्रेनोवात्सच्या 'निकोला टेस्ला' वीजकेंद्राला जातो. सर्बियाची निम्म्याच्या आसपास वीज या कोळशावर. लिग्नाइट हलक्या प्रतीचा कोळसा, जळतो भराभर. वीजकेंद्रांच्या आवारात त्याचा साठा फार दिवस पुरत नाही.

या संपाला तोड नव्हती. पोलीस खाण ताब्यात घेऊ शकतात, कोळसा काढू शकत नाहीत. प्रचंड एक्स्कॅव्हेटर चालवणारी माणसे तीच. आणि हे कामगार म्हणजे शहरी विद्यार्थी नव्हेत. ज्यांच्या नावाने सोशालिस्ट पक्ष मते मागत आला तेच. लष्करप्रमुख नेबोय्शा पावकोविच रात्री खाणीवर येऊन बोलून गेले, उपयोग झाला नाही. सरकारने वीजकपात सुरू केली आणि दोष कामगारांवर टाकला. २ ऑक्टोबरला मिलोशेविचने टीव्हीवर भाषण करून विरोधक नाटोचे दलाल असल्याचे सांगितले. तोवर अनेक घरांत टीव्ही लावायला वीजच नव्हती. संपाच्या म्होरक्यांवर अटक वॉरंट निघाले.

४ ऑक्टोबरला पोलीस खाणीत शिरले. कामगारांनी हाक दिली आणि लाझारेवात्स, वाल्येवो, चाचाक आणि आसपासच्या गावांतून हजारो माणसे आली. पुलावर पोलिसांनी आडव्या लावलेल्या गाड्या लोकांनी बाजूला सारल्या. पोलिसांनी गोळी झाडली नाही. संध्याकाळी कोश्तुनित्सा स्वतः तिथे पोचले. राजवट खऱ्या अर्थाने तिथे, त्या पुलावर मोडली असे आम्हाला वाटते. बेलग्रेडला दुसऱ्या दिवशी त्यावर शिक्का बसला. पोलीस हुकूम पाळतीलच असे नाही, हे देशभरच्या प्रत्येक पोलिसाने त्या रात्री ऐकले. त्याच दिवशी घटना न्यायालयाने निवडणुकीचा निकालच रद्द केला आणि मागे फिरायची उरलीसुरली वाटही बंद केली.

राजधानी या काळात मागेच होती. संपाचा जोर जिल्ह्यांत, रस्ते अडवले जात होते तेही जिल्ह्यांत. म्हणूनच ५ तारखेची आखणी अशी झाली की देशाने बेलग्रेडकडे यायचे.

पाच ऑक्टोबर

दुपारी तीनपर्यंत निकाल मान्य करा, असा इशारा होता. सकाळी चारी बाजूंनी ताफे निघाले. चाचाकचा ताफा सर्वांत जंगी: शेकडो वाहने, हजारो माणसे, पुढे अवजड यंत्रे. इबार महामार्गावर पोलिसांनी वाळूचे ट्रक आडवे लावले होते. ते ढकलून खड्ड्यात घातले गेले. अडवणारा अधिकारी आणि ढकलणारा यांच्यात बाचाबाची, थोडी झटापट, मग पोलीस बाजूला. एका नाकाबंदीवर हे झाले की पुढच्या नाकाबंदीवरचा अधिकारी वायरलेसवर ते ऐकतो, आणि आपणच एकटे का मरावे असा विचार करतो.

हा दिवस अहिंसक होता का? निखळ नव्हता. इलिच यांच्या माणसांत माजी पॅराट्रूपर आणि मुष्टियोद्धे होते, ट्रकांत दगड होते, काहींकडे शस्त्रेही. संसदेवर अश्रुधुराचा मारा झाल्यावर जमाव आत घुसला, आग लागली. सरकारी टीव्हीच्या इमारतीवर ल्युबिसाव जोकिच यांनी आपला लोडर, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट जेसीबी म्हणतात तसले यंत्र, घातले. वाहिनीचे प्रमुख द्रागोल्युब मिलानोविच यांना बेदम मार बसला. दोघे दगावले, एक तरुणी वाहनाखाली सापडून, एक वृद्ध हृदयविकाराने. पोलिसांनी जमावावर सरसकट गोळीबार केला नाही आणि जमावानेही पोलिसांची कत्तल केली नाही, म्हणून एकूण हिशेब अहिंसेच्या बाजूला जातो. पण संसदेला आग लावण्याने काही साधले, असे म्हणायला आधार नाही. निकाल तोवर लागलेला होता.

गोळी का सुटली नाही, याची कारणे अनेक. दोन वर्षे ओतपोरने पोलिसांना शत्रू म्हटले नाही. सैनिकांना फुले नेऊन दिली. ताफ्यांत पोलिसांचेच नातलग, शेजारी होते. जमाव इतका मोठा आणि इतक्या दिशांनी की पांगवायचे कुठून हे कळेना. आणि एक कारण कमी देखणे. ४ ऑक्टोबरच्या रात्री जिंजिच एका गाडीत मिलोराद उलेमेक उर्फ 'लेगिया' याला भेटले. हा गुप्तचर खात्याच्या 'जेएसओ' या विशेष तुकडीचा सेनापती; हुकूम मिळाला तर सर्वाधिक रक्त सांडू शकेल अशी तुकडी. अट साधी: तुम्ही आमच्यावर गोळी झाडू नका, आम्ही तुमच्यावर झाडणार नाही. ५ तारखेला त्या तुकडीच्या चिलखती गाड्या शहरात आल्या आणि लोकांनी त्यांचे स्वागत केले.

६ ऑक्टोबरला रशियाचे परराष्ट्रमंत्री इगोर इवानोव बेलग्रेडला येऊन कोश्तुनित्सा आणि मिलोशेविच दोघांना भेटले. त्या रात्री मिलोशेविचने टीव्हीवर पराभव मान्य केला. ७ तारखेला कोश्तुनित्सा यांचा शपथविधी झाला. सुधारित अधिकृत आकडा निघाला तो ५० टक्क्यांच्या किंचित वर.

उरलेले बिल

'जेएसओ' ही तीच तुकडी, जिच्या माणसांनी ऑगस्ट २००० मध्ये सर्बियाचे माजी अध्यक्ष इवान स्तांबोलिच यांना पळवून ठार केले होते. आदल्या रात्रीच्या बोलण्याने रक्तपात टळला, पण तुकडी शाबूत राहिली. गुप्तचर प्रमुख रादे मार्कोविच जानेवारी २००१ पर्यंत पदावर राहिले. त्या तीन महिन्यांत कागदपत्रे नष्ट व्हायला भरपूर वेळ मिळाला. पावकोविच तर २००२ पर्यंत लष्करप्रमुख. याला कोश्तुनित्सा यांचा कायदेशीरपणाचा आग्रह जबाबदार की जिंजिच यांची तडजोड, यावर बेलग्रेडमध्ये आजही भांडणे होतात. दोघांचे पटेना, आघाडी पुन्हा फुटलीच, फक्त या वेळी सत्तेत बसून.

डिसेंबर २००० च्या सर्बियन निवडणुकीत 'दोस'ला २५० पैकी १७६ जागा मिळाल्या आणि जिंजिच पंतप्रधान झाले. १ एप्रिल २००१ ला मिलोशेविचला अटक, २८ जून २००१ ला हेगच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणाकडे रवानगी. नोव्हेंबर २००१ मध्ये 'जेएसओ'ने बंड करून महामार्ग अडवला. सरकारने तुकडी बरखास्त न करता मागण्यांपुढे मान तुकवली. १२ मार्च २००३ रोजी सरकारी इमारतीच्या दारात जिंजिच यांना गोळी घालणारा झ्वेझ्दान योवानोविच हा याच तुकडीतला. सूत्रधार म्हणून शिक्षा झालेला उलेमेक. त्यानंतर आणीबाणी लागू झाली, दहा हजारांहून अधिक लोक ताब्यात घेतले गेले, आणि 'जेएसओ' मार्च २००३ अखेरीस मोडीत निघाली. जे काम ऑक्टोबर २००० च्या दुसऱ्या आठवड्यात व्हायला हवे होते, ते अडीच वर्षांनी आणि पंतप्रधानांच्या खुनानंतर झाले.

ओतपोरने स्वतःचा पक्ष करून २००३ ची निवडणूक लढवली आणि दोन टक्केही मते मिळवली नाहीत. सत्ता पाडायला बांधलेली बिनपुढाऱ्याची संघटना मते मागायला उभी राहिली, तेव्हा मतदाराला विचारायला नाव सापडेना. तिच्यातले काही जण पुढे जॉर्जिया आणि युक्रेनमधल्या तरुणांना शिकवायला गेले. बेलग्रेडमध्ये सोशालिस्ट पक्ष मात्र टिकला. २००८ मध्ये जिंजिच यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाने त्याला सोबत घेऊन सरकार बनवले, आणि गृहखाते, म्हणजे पोलीस, इवित्सा दाचिच यांच्याकडे गेले. नव्वदच्या दशकात ते मिलोशेविचच्या पक्षाचे प्रवक्ते होते.